पुनर्विलोकन : कोणी, कशाचे आणि किती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परिचयातील एक निवृत्त गुरुजी सकाळीच घरी आले. हातात कागदांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर चिंता. वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफार नोंदीवरून भाऊबंदकीत वाद झाला होता आणि महसूल अधिकाऱ्याचा आदेश त्यांच्या विरुद्ध गेला होता. कोणीतरी सल्ला दिला, "गुरुजी, रिव्ह्यू टाका, सगळे पुन्हा पाहतील." गुरुजींनी त्याच कार्यालयात पुनर्विलोकनाचा अर्ज केला. आपली सारी कैफियत सुवाच्य अक्षरांत नव्याने लिहिली आणि ते निर्धास्तपणे वाट पाहत राहिले. काही महिन्यांनी अर्ज फेटाळला गेला. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करण्यासाठी कायद्याने दिलेले साठ दिवस तोवर केव्हाच उलटून गेले होते. गुरुजी मला विचारत होते, "अहो, पुनर्विलोकन म्हणजे पुन्हा पाहणे. मग त्यांनी पुन्हा पाहिले का नाही?"

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. कायद्याच्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही. परंतु वृत्तपत्रीय व्यवसायात तीन दशके शब्दांशीच गाठ पडत आली असल्याने गुरुजींचा प्रश्न मनात घर करून राहिला. दोष केवळ चुकीचा सल्ला देणाऱ्याचा नव्हता. आम्ही पत्रकार मंडळींनी 'पुनर्विचार', 'पुनर्विलोकन', 'पुनरीक्षण', 'फेरविचार', 'फेरतपासणी' हे शब्द इतक्या सैलपणे वापरले आहेत की, सामान्य वाचकाला ते सारे एकच वाटावेत. गुरुजींचे नुकसान एका शेताच्या तुकड्यापुरते होते. हाच गोंधळ राष्ट्रीय प्रश्नांच्या चर्चेत शिरतो, तेव्हा मात्र नुकसान साऱ्या समाजाचे होते. म्हणून या शब्दाची नीट उकल करणे अगत्याचे आहे.

एका कुळातील तीन शब्द

प्रथम न्यायालयाच्या किंवा महसुली कचेरीच्या पायरीवर भेटणारे तीन शब्द पाहू. 'अपील' म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा वरच्या न्यायालयाकडे मागितलेली दाद. तेथे निकालाची गुणवत्ता तपासली जाते. खालच्या न्यायालयाने पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला, असे तेथे म्हणता येते. 'पुनरीक्षण' म्हणजे इंग्रजीतील रिव्हिजन. लोक त्याला फेरतपासणीही म्हणतात. तेथे वरिष्ठाची नजर मुख्यतः खालच्याने आपल्या अधिकारकक्षेत आणि रीतसर काम केले की नाही, यावर असते. आणि 'पुनर्विलोकन' म्हणजे रिव्ह्यू. ज्याने निकाल दिला त्याच्याचकडे जाऊन, "आपली दृष्टी येथे चुकली आहे, कृपया पुन्हा पाहावे" अशी केलेली विनंती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ही तिन्ही वेगवेगळ्या कलमांत, परंतु एकाच प्रकरणात शेजारी शेजारी नांदतात. दिवाणी प्रक्रिया संहितेतही ११४ वे कलम पुनर्विलोकनाचे आणि त्याला लागून असलेले ११५ वे कलम पुनरीक्षणाचे आहे.

या तिन्हींत सर्वांत अरुंद दार पुनर्विलोकनाचे. ते उघडते केवळ तीन कारणांनी. योग्य ती काळजी घेऊनही पूर्वी हाती न लागलेला महत्त्वाचा पुरावा नव्याने मिळाला असेल तर, अभिलेखावर पाहताक्षणी दिसणारी उघड चूक असेल तर, किंवा त्याच तोलाचे दुसरे पुरेसे कारण असेल तर. "निकाल मला पटला नाही" हे त्यांत बसत नाही. पुनर्विलोकन म्हणजे वेषांतर केलेले अपील नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. गुरुजींनी नेमके हेच केले होते. अपिलाचा मजकूर त्यांनी पुनर्विलोकनाच्या अर्जात भरला आणि दोन्ही दारे गमावली.

न्यायालय स्वतःकडे पाहते तेव्हा

सर्वोच्च न्यायालयाच्या वर न्यायालय नाही. तेथे अपील करणार कोणाकडे? म्हणून संविधानाच्या १३७ व्या अनुच्छेदाने त्या न्यायालयाला स्वतःचाच निकाल पुन्हा पाहण्याचा अधिकार दिला आहे. वृत्तपत्रे जिला 'पुनर्विचार याचिका' म्हणतात, ती हीच. तिची मुदत सामान्यतः तीस दिवसांची. शक्यतो ज्या न्यायमूर्तींनी निकाल दिला, त्यांच्यापुढेच ती जाते आणि बहुतेक वेळा खुल्या न्यायालयात युक्तिवाद न होता त्यांच्या दालनात, कागदपत्रांवरूनच तिचा निर्णय होतो. फाशीच्या शिक्षेच्या बाबतीत मात्र खुल्या न्यायालयात सुनावणी झाली पाहिजे, असे २०१४ साली ठरले. एका माणसाचा जीव जाण्यापूर्वी त्याचे म्हणणे कानांनी ऐकावे, हा त्यामागील विचार.

पुनर्विचारही फेटाळला गेला तर? २००२ साली रूपा अशोक हुर्रा प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी एक अतिशय अरुंद खिडकी ठेवली. तिचे नाव 'क्युरेटिव्ह पिटिशन', मराठीत 'उपचारात्मक याचिका'. नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल किंवा न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका असेल, अशा दुर्मीळ प्रसंगीच ती चालते आणि तिच्यासोबत ज्येष्ठ अधिवक्त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

अयोध्येच्या निकालानंतरचे दिवस वाचकांच्या स्मरणात असतील. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. पाठोपाठ पुनर्विचार याचिका दाखल झाल्या आणि घरोघरी एकच चर्चा सुरू झाली, "आता खटला पुन्हा उभा राहणार काय?" शतकाहून अधिक काळ चाललेला वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, या कल्पनेने अनेकांची झोप उडाली. १२ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्तींनी दालनात विचार करून त्या साऱ्या याचिका फेटाळल्या. पुनर्विलोकनाचे दार किती अरुंद आहे, हे लोकांना ठाऊक असते, तर ना एका बाजूला ती धास्ती वाटली असती, ना दुसऱ्या बाजूला ती आशा.

दुसऱ्याच्या कृतीकडे पाहते तेव्हा

आता याच शब्दाचे दुसरे रूप पाहू. इंग्रजीत 'ज्युडिशियल रिव्ह्यू' आणि मराठीत 'न्यायालयीन पुनर्विलोकन' असे म्हटले जाते, तेव्हा न्यायालय स्वतःच्या निकालाकडे पाहत नसते. ते पाहते संसदेने किंवा विधिमंडळाने केलेल्या कायद्याकडे आणि सरकारने काढलेल्या आदेशाकडे. हा कायदा संविधानाच्या चौकटीत बसतो काय, हा आदेश देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला होता काय, एवढे ते तपासते. 'पुनर्' या उपसर्गाने येथे खरी दिशाभूल होते. न्यायालय येथे दुसऱ्यांदा पाहत नाही. दुसऱ्या कोणी आधी पाहून ठरवलेली गोष्ट ते प्रथमच न्यायाच्या कसोटीवर घासून पाहते.

ही कल्पना सर्व देशांत सारखी नाही. इंग्लंडात संसद सार्वभौम आहे, त्यामुळे तेथे हा शब्द मुख्यतः शासनाच्या कृतींपुरता वापरला जातो. संसदेचा कायदा संविधानबाह्य म्हणून तेथील न्यायालय रद्द करीत नाही. अमेरिकेत १८०३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात विधिमंडळाचा कायदाही संविधानाच्या कसोटीवर तपासण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, असे ठरवले. तेथील संविधानात तसे स्पष्ट लिहिलेले नव्हते. मार्शल यांनी तो अर्थ तर्काने काढला.

आपल्या संविधानकर्त्यांनी हा विषय तर्कावर सोडला नाही. 'न्यायालयीन पुनर्विलोकन' हा शब्दप्रयोग भारतीय संविधानात नसला, तरी त्याचा आशय अनेक अनुच्छेदांत विखुरला आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरेल, असे १३ वा अनुच्छेद सांगतो. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क ३२ व्या अनुच्छेदाने दिला. उच्च न्यायालयांना तर २२६ व्या अनुच्छेदाने त्याहूनही विस्तृत अधिकार दिला. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या ३२ व्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते, हे सर्वश्रुत आहे. १९५२ साली व्ही. जी. रो प्रकरणात न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी न्यायालयाला मूलभूत हक्कांच्या जागत्या पहारेकऱ्याची उपमा दिली आणि त्याच वेळी सांगितले की, हे काम न्यायालय विधिमंडळाशी झुंजण्याच्या हौसेने करीत नाही, संविधानाने सोपविलेले कर्तव्य म्हणून करते.

या पहारेकऱ्याला मर्यादाही आहेत. १९९४ सालच्या टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या स्पष्ट केल्या. न्यायालय निर्णय तपासत नाही, निर्णयाची प्रक्रिया तपासते. समजा, एखाद्या नगरपालिकेने नळयोजनेची निविदा एका ठेकेदाराला दिली. दुसरा ठेकेदार अधिक चांगला होता, असे न्यायाधीशाला मनातून वाटले, तरी एवढ्यावरून निविदा रद्द होत नाही. निविदेच्या अटी डावलल्या काय, अधिकार नसताना निर्णय घेतला काय, पक्षपात झाला काय किंवा कोणताही समंजस माणूस घेणार नाही असा मनमानी निर्णय झाला काय, हे प्रश्न मात्र न्यायालय विचारू शकते. राज्यकारभार चालवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, तो कायद्याच्या मर्यादेत चालतो की नाही, हे पाहणे त्याचे काम आहे.

एका विषयात सारे शब्द

हे सारे अर्थ एकाच विषयात पाहावयाचे असतील, तर महाराष्ट्राला फार दूर जावे लागत नाही. मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ साली विधिमंडळाने केला. त्याला आव्हान मिळाले. २०१९ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टक्केवारी कमी करून तो कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २०२१ च्या मार्च महिन्यात 'पुनर्विचार' हा शब्द प्रथम गाजला. १९९२ सालच्या इंद्रा साहनी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने घातलेल्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा अधिक मोठ्या पीठाने पुनर्विचार करावा काय, हा तो प्रश्न होता. म्हणजे ही ना पुनर्विचार याचिका होती, ना न्यायालयीन पुनर्विलोकन. जुना न्यायदंडक बदलावा की नाही, हा तिसराच अर्थ.

५ मे २०२१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो पुनर्विचार आवश्यक नसल्याचे सांगितले आणि राज्याचा आरक्षणाचा कायदा रद्द ठरवला. हे झाले न्यायालयीन पुनर्विलोकन. त्यानंतर राज्य सरकारने पुनर्विचार याचिका केली. केंद्र सरकारनेही राज्यांच्या अधिकाराच्या मुद्द्यापुरती स्वतंत्र याचिका केली. केंद्राची याचिका त्याच वर्षी आणि राज्याची २०२३ साली फेटाळली गेली. मग राज्याने उपचारात्मक याचिकेची वाट धरली. दरम्यान संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी संविधानदुरुस्ती करून मागास वर्गांची यादी करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्ट केला. म्हणजे जे केंद्राला पुनर्विचार याचिकेतून मिळाले नाही, ते संसदेने आपल्या अधिकारात, रीतसर मार्गाने केले. २०२४ साली राज्याने नवा कायदा केला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले.

आता कल्पना करा, गावच्या पारावर बसलेल्या तरुणाने या पाच वर्षांत काय वाचले असेल? 'पुनर्विचार होणार', 'पुनर्विचारास नकार', 'पुनर्विचार याचिका दाखल', 'पुनर्विचार फेटाळला'. प्रत्येक मथळ्यासरशी त्याची आशा उंचावली आणि कोसळली. तीन वेगवेगळ्या गोष्टींना आम्ही एकच नाव दिले, म्हणून एकच न्यायालय आपल्याला पुन्हा पुन्हा फसवते आहे, असे त्याला वाटले. ज्याच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न आहे, त्या तरुणाशी झालेला हा शाब्दिक अन्यायच नव्हे काय?

पहारेकऱ्याला झोपवले गेले तेव्हा

न्यायालयीन पुनर्विलोकनाचे मोल या नियतकालिकाच्या वाचकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. अनेक घरांनी ते १९७५ ते १९७७ या काळात आपल्या दारात अनुभवले आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. त्यानंतरच्या संविधानदुरुस्त्या क्रमाने पाहिल्या, की सत्तेला खरे भय कशाचे वाटत होते, हे कळते. आणीबाणीच्या घोषणेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे ३८ व्या दुरुस्तीने म्हटले. ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वादच न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढला. ४२ व्या दुरुस्तीने तर कोणत्याही संविधानदुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे लिहून ठेवले. वृत्तपत्रांवरील नियंत्रणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बळ पुनर्विलोकन बंद करण्यावर खर्च झाले.

३९ व्या दुरुस्तीतील तो भाग सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द केला. आधार होता १९७३ सालच्या केशवानंद भारती प्रकरणाचा. केरळातील एका मठाधिपतींच्या याचिकेवर तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवले होते की, संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याचा मूलभूत गाभा नष्ट करू शकत नाही. मग त्याच नोव्हेंबरात एक विलक्षण गोष्ट घडली. केशवानंद निकालाच्याच पुनर्विचारासाठी सरन्यायाधीश अजितनाथ रे यांनी तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसवले. मुंबईचे नानी पालखीवाला त्याविरुद्ध उभे राहिले. अशा पुनर्विचाराची रीतसर याचिका तरी कोठे आहे, हा प्रश्न पुढे आला आणि दोन दिवसांच्या युक्तिवादानंतर ते पीठच बरखास्त करण्यात आले. शब्दांतील भेदाचे मोल याहून वेगळे काय सांगावे? न्यायालयाच्या 'पुनर्विचारा'च्या नावाखाली न्यायालयीन 'पुनर्विलोकना'चा पायाच उखडण्याचा तो प्रयत्न होता.

पुढचा अध्याय मात्र दुःखद आहे. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्यांच्या याचिका ऐकता येतील, असे अनेक उच्च न्यायालयांनी धैर्याने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही त्यांत होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सारे निकाल फिरवले. येरवड्यात, नाशिक रोडला आणि देशभरच्या तुरुंगांत असलेल्या हजारो माणसांना, "आम्हाला का धरले?" एवढे विचारण्याचीही सोय उरली नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळ्या मताचे होते. त्याची किंमत त्यांनी पुढे सरन्यायाधीशपद गमावून मोजली.

त्या चार न्यायमूर्तींत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने १९८० साली मिनर्व्हा मिल्स प्रकरणात ४२ व्या दुरुस्तीतील ती कलमे रद्द केली आणि दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा असणे हाच संविधानाचा गाभा आहे, असे सांगितले. १९७६ च्या निकालाला मूठमाती मिळायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना तो जुना निकाल चुकीचा ठरवला. ते मत लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे पुत्र. न्यायालयही चुकते, आणि चूक सुधारण्यास एकेचाळीस वर्षे लागू शकतात, हे या इतिहासाचे दोन्ही धडे आहेत.

आज आपली भूमिका

हा इतिहास आठवण्याचे कारण आजचे आहे. २०१५ साली न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९ वी दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. संसदेने जवळपास एकमुखाने केलेली आणि निम्म्याहून अधिक विधिमंडळांनी संमत केलेली ती दुरुस्ती होती. निकालावर टीका झाली, आणि ती करण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत, हे प्रस्तुत लेखकालाही पटत नाही. परंतु "निकाल चुकला" असे म्हणणे वेगळे आणि "लोकनियुक्त संसदेचा कायदा तपासणारे न्यायालय कोण?" असे विचारणे वेगळे. दुसरा प्रश्न १९७६ साली विचारला गेला होता. त्याचे उत्तर आपल्याच वडीलधाऱ्यांनी तुरुंगात बसून ऐकले आहे.

न्याय दोन्ही बाजूंनी करावयाचा, तर हेही सांगितले पाहिजे. २०१५ च्या निकालानंतर ज्यांनी न्यायालयाच्या स्वातंत्र्याचे गोडवे गायले, त्यांच्यापैकी अनेकांना ११ डिसेंबर २०२३ रोजी अनुच्छेद ३७० विषयीचा निकाल लागताच तेच न्यायालय शरण गेलेले दिसू लागले. पुनर्विलोकन म्हणजे कायदा रद्द करणे, अशी ज्यांनी समजूत करून घेतली, त्यांना कायदा कायम ठेवणारा निकाल पुनर्विलोकनच वाटत नाही. खरे तर नाणे खरे आहे, असे सांगणारा सराफही ते कसोटीवर घासूनच सांगतो.

निकाल न पटल्यास मार्ग आहेत. पुनर्विलोकनाचे अरुंद दार आहे. मोठ्या पीठाकडे जुन्या दंडकाचा पुनर्विचार मागता येतो. संसद कायद्यातील उणीव दूर करून नवा कायदा करू शकते. अभ्यासपूर्ण टीका करता येते. पहारेकऱ्याला मार्ग दाखवावा, त्याची चूक दाखवावी, त्याच्या निवडीची पद्धत सुधारण्याचा आग्रहही धरावा. पण तो रात्री आपल्याच घरापाशी थबकला म्हणून पहाराच उठवा, असे म्हणू नये. सत्ता आज आपल्या विचारांच्या माणसांकडे असेल, उद्या नसेल. पहारा मात्र दोन्ही वेळी लागतो.

शेवटी शब्दाविषयी एक नम्र सूचना. न्यायालय स्वतःचा निकाल पाहते, तेव्हा आपण 'निकालाचा पुनर्विचार' म्हणावे. जुना दंडक मोठ्या पीठापुढे जातो, तेव्हा 'दंडकाचा फेरविचार' म्हणावे. आणि 'न्यायालयीन पुनर्विलोकन' हा जोडशब्द केवळ कायद्याच्या व शासकीय कृतीच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. शासकीय परिभाषा बदलणे आपल्या हाती नसेल, पण मथळे, भाषणे आणि घरातील चर्चा आपल्या हाती आहेत. ज्या समाजाला आपल्या हक्कांची नावे नीट ठाऊक नसतात, त्याच्याकडून ते हक्क काढून घेतले गेले, तरी त्याला ते उशिराच कळते.

गुरुजींचे काय झाले? विलंबमाफीच्या अर्जासह त्यांनी अपील केले आणि उशिराचे कारण मान्य होऊन ते ऐकले गेले. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले हो, पण एका उपसर्गाने मलाच नापास केले होते." ते हसत होते. त्यांना दुसरी संधी मिळाली होती. १९७६ च्या एप्रिलनंतर तुरुंगातल्या माणसांना ती संधी देणारे दार मात्र उरले नव्हते.